साठ सेंटिमीटरचं कलादालन: जुनं चित्रप्रदर्शन लहान मॉडेलमध्ये पुन्हा कसं मांडायचं

दिवाळीत किल्ला केलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते: मावळा दरवाज्यापेक्षा उंच झाला की किल्ल्याची टेकडी होते. जुन्या प्रदर्शनाचं मॉडेल करतानाही बहुतेक चुका याच जातीच्या असतात. चित्रं बरोबर छापलेली असतात, भिंती सरळ असतात, पण खुर्ची एका मापाची, चौकट दुसऱ्या मापाची आणि फरशी तिसऱ्याच.

प्रदर्शन म्हणजे निव्वळ चित्रांची यादी नव्हे. कोणतं चित्र कोणाशेजारी होतं, मध्ये किती भिंत मोकळी होती, दारातून आत येताच समोर काय दिसायचं, उजेड कुठून पडायचा, हे सगळं मिळून प्रदर्शन होतं. चित्रं नंतर विकली जातात, संग्रहात जातात, पण मांडणी शेवटच्या दिवशी संध्याकाळी उतरते आणि संपते. मॉडेलमध्ये आपल्याला ती मांडणी परत उभी करायची आहे. म्हणून या लेखात चित्रांइतकाच मोकळ्या भिंतीचाही हिशेब आहे.

१. प्रदर्शन निवडा: एक खोली, वीस-पंचवीस चित्रं

पहिल्या खेपेला एकाच खोलीचं प्रदर्शन घ्या. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं (१९६८) कलादालन, घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन, शनिवार पेठेतलं सुदर्शन कलादालन अशा जागांमध्ये झालेलं एखादं जुनं प्रदर्शन सोयीचं, कारण जागा आजही जाऊन पाहता येते. परदेशातलं गाजलेलं प्रदर्शनही चालेल, पण तिथे सगळी भिस्त छायाचित्रांवर.

निवडीची कसोटी साधी आहे. किमान दोन वेगवेगळ्या कोनांतून काढलेले दालनाचे फोटो आणि चित्रांच्या मापांसह यादी, एवढं हातात असेल तरच पुढे जा. एकच फोटो असेल तर एकच भिंत करा. १९१५ साली पेत्रोग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) भरलेल्या ‘०,१०’ या प्रदर्शनात रशियन चित्रकार मालेविचची ३९ चित्रं होती, पण त्याच्या खोलीच्या ज्या एका फोटोवर सगळे विसंबतात त्यात २१ दिसतात. उरलेली कुठे होती हे त्या फोटोतून कळत नाही. मात्र त्याचं ‘काळा चौकोन’ हे चित्र कोपऱ्यात, छताला लागून, रशियन घरात देवाची तसबीर लावतात तिथे टांगलेलं होतं हे त्याच फोटोमुळे कळतं. तेच चित्र मॉडेलमध्ये भिंतीच्या मधोमध लावलंत तर चित्र उरेल, प्रदर्शन उरणार नाही.

२. कागदपत्रं गोळा करा

कापाकापीला हात लावण्याआधी एका फायलीत हे जमवा:

- प्रदर्शनाची पुस्तिका किंवा चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल) यादी (क्रमांक, शीर्षक, माध्यम, माप)
- निमंत्रणपत्रिका: तारखा आणि दालनाचं नाव पक्कं करण्यासाठी
- उद्घाटनाचे फोटो
- वर्तमानपत्रांतली परीक्षणं आणि बातम्या
- किमतींची यादी, सापडली तर
- अभिप्रायाची वही
- दालनाचा नकाशा किंवा तुम्ही घेतलेली मापं
- चित्रकाराची किंवा वारसांची लेखी परवानगी

उद्घाटनाच्या फोटोत सगळे पाहुण्यांकडे बघतात. तुम्ही पाहुण्यांच्या मागे बघा. समई पेटवणाऱ्याच्या खांद्यावरून दिसणारी अर्धी चौकट कधीकधी सगळ्या भिंतीचा क्रम लावून देते. परीक्षणातली ‘आत शिरताच डाव्या हाताला’ अशी वाक्यंही टिपून ठेवा. मात्र पुस्तिकेतला क्रमांक म्हणजे भिंतीवरचा क्रम असं गृहीत धरू नका. पुस्तिका छापायला गेल्यावर मांडणी होते, आणि ती ऐनवेळी बदलते.

परवानगीचं थोडक्यात: भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. चित्रकार अमृता शेरगिल १९४१ मध्ये गेल्या, म्हणून त्यांच्या चित्रांवरचा हक्क २००१ अखेर संपला. फोटोचा कॉपीराइट चित्रापेक्षा वेगळा असतो, हे हमखास विसरलं जातं. घरात अभ्यासासाठी केलेलं मॉडेल वेगळं. ते लोकांना दाखवायचं किंवा त्याचे फोटो छापायचे असतील तर दोन्हींची परवानगी आधीच लेखी घ्या.

३. प्रमाण ठरवा आणि मग ते बदलू नका

१२ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३.६ मीटर उंच दालन उदाहरणादाखल घेऊ.

१:१२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्शात, ते १०० × ६७ × ३० सेंमी होतं. बाहुलीघराच्या सामानाचं हे प्रमाण. देखणं, पण दारातून बाहेर काढताना रडवतं.
१:२० मध्ये ६० × ४० × १८ सेंमी. टेबलावर मावतं, ६० × ९० सेंमीचं चित्र ३ × ४.५ सेंमी होतं आणि ओळखू येतं.
१:५० मध्ये २४ × १६ × ७.२ सेंमी. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांचं लाडकं, पण चित्र टपाल तिकिटाएवढंही राहत नाही.

पहिल्या मॉडेलला १:२० घ्या. हिशेब सोपा: खऱ्या सेंटिमीटरला २० ने भागा. जुन्या याद्यांत मापं इंचात असतात, त्यांना १.२७ ने गुणलं की थेट मिलिमीटर मिळतात. ३० × २४ इंचांचं चित्र ३८ × ३०.५ मिमी होईल. ‘काळा चौकोन’ ७९.५ सेंमीचा आहे, म्हणजे मॉडेलमध्ये जवळजवळ ४ सेंमी.

इथे दोन सापळे आहेत. यादीत उंची आधी लिहिली आहे की रुंदी, हे फोटोशी ताडून पाहा. नाहीतर उभं चित्र आडवं छापाल. आणि माप बहुधा चौकटीशिवायचं असतं. फोटोतून अंतरं काढताना मात्र चौकटीसकट चित्र दिसतं.

४. दालन मोजा

दालन रिकामं असेल त्या दिवशी, व्यवस्थापनाला आधी अर्ज देऊन जा. लेझर मीटर असेल तर उत्तम, नाहीतर ५ मीटरचा टेप आणि धरायला दुसरा माणूस. लांबी, रुंदी, उंची यांबरोबर दारांची रुंदी, खिडक्यांचा खालचा काठ, खांब, तुळया, स्विचबोर्डची उंची आणि फरशीचा आकार टिपा. दोन्ही कर्णसुद्धा मोजा. ते सारखे आले नाहीत तर खोली काटकोनात नाही, आणि हे जुन्या इमारतींत सर्रास असतं.

आजचं दालन म्हणजे प्रदर्शनाच्या वेळचं दालन नव्हे. फॉल्स सीलिंग नंतर आलेलं असू शकतं, खिडकी बुजवलेली असू शकते. प्रत्येक गोष्ट जुन्या फोटोशी ताडूनच आराखड्यात घ्या.

जागा उरलीच नसेल तर फोटोतून माप काढता येतं. एखाद्या चित्राचं खरं माप माहीत असेल तर तेच मोजपट्टी. पण ही पट्टी त्याच भिंतीवर चालते. पुढे उभ्या असलेल्या टेबलाला लावली की घोटाळा. भिंत फोटोत तिरकी पळत असेल तर मध्यबिंदू पट्टीने शोधू नका. भिंतीच्या चार कोपऱ्यांतून दोन कर्ण काढा, ते छेदतात तो खरा मध्य. तिरप्या फोटोत तो डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा लांबच्या टोकाकडे सरकलेला असतो. अर्ध्या भागाचे पुन्हा कर्ण काढले की पाव भाग मिळतो. फरश्या मोजणं हा आणखी एक भरवशाचा मार्ग, फरशीचं माप माहीत असेल तर.

५. आधी कच्चं मॉडेल, तेही रद्दी पुठ्ठ्याचं

ही पायरी टाळायचा मोह सगळ्यांना होतो. टाळू नका. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या चार भिंती करा, चित्रांच्या जागी मापाचे करडे कागद कापून मागे क्रमांक लिहा आणि टाचणीने लावा. मग जुना फोटो काढताना छायाचित्रकार जिथे उभा असेल त्या जागी मोबाइल ठेवून तसाच फोटो घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. मधलं चित्र फोटोत दाराच्या कडेला टेकलेलं आणि तुमच्याकडे दोन बोटं दूर असेल, तर चूक खोलीच्या लांबीत आहे की चित्राच्या मापात, हे इथेच कळतं. सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ बोर्ड) कापून रंगवल्यावर कळलं तर महागात पडतं.

६. सामान

- ५ मिमी सनबोर्ड (भिंती), ३ मिमी सनबोर्ड (चौथरे)
- १ मिमी आणि २ मिमी माउंटबोर्ड (चित्रं मढवताना वापरतात तो जाड पुठ्ठा)
- तळाला १२ मिमी प्लायवुड, भिंतींच्या बाहेर प्रत्येक बाजूला ५ सेंमी जास्त
- कटर, भरपूर ब्लेड, स्टीलची पट्टी, गुण्या (काटकोन तपासायचं साधन), कटिंग मॅट
- फेव्हिकॉल, दुहेरी टेप, स्प्रे ग्लू, काढता येणारी पुटी (मळून लावायचा चिकट गोळा)
- मॅट अॅक्रिलिक रंग, प्रायमर, ४०० नंबरचा पॉलिश पेपर
- १२ व्होल्टची एलईडी पट्टी, अॅडॅप्टर, ३ मिमी एलईडी, रेझिस्टर
- ट्रेसिंग पेपर किंवा दुधी अॅक्रिलिक
- चिमटा. साधा नको, टोकदार

पुण्यात बोर्ड आणि कागद अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, विजेचं सामान तापकीर गल्लीत, हार्डवेअर बोहरी आळीत, प्लाय टिंबर मार्केटात. तुळशीबागेत भातुकलीच्या दुकानांत समई, टेबल, कळशी मिळते, पण पट्टी सोबत न्या. ९० सेंमीची समई १:२० मध्ये ४.५ सेंमी भरायला हवी. ‘अंदाजे बरोबर वाटते’ म्हणून घेतलेली समई मॉडेलमध्ये दीपमाळ होते.

७. भिंती आणि फरशी

नऊ इंची भिंत १:२० मध्ये ११.५ मिमी येते, म्हणजे ५ मिमीचे दोन थर आणि मध्ये १.५ मिमी पुठ्ठा. साडेचार इंची भिंतीला ५ मिमीचा एकच थर चालतो. जाडी दिसते ती फक्त दारा-खिडक्यांच्या कडांना, तेव्हा दुहेरी थर तिथपुरता दिला तरी पुरतो.

कापताना जाडीचा हिशेब विसरू नका. आतलं माप ६० × ४० सेंमी हवं असेल आणि भिंती ५ मिमीच्या असतील, तर लांब भिंती ६१ सेंमी आणि आखूड ४० सेंमी. सगळ्या ‘बरोबर मापाने’ कापल्या तर खोली एक सेंटिमीटरने आखूड होते, म्हणजे खऱ्या दालनात २० सेंमी. सनबोर्ड एका दमात कापू नका. पहिला हात हलका, दुसरा जोरात, तिसऱ्यात पार. ब्लेड बोथट झालं की कड फाटते. ब्लेडच्या बाबतीत काटकसर नको.

एक लांब भिंत सुटी ठेवा, खाली खाचेत बसणारी. फोटो, साफसफाई, दुरुस्ती सगळं तिथूनच होतं. छतही सुटं.

रंग देताना रोलरने दोन पातळ हात द्या. ब्रशच्या रेषा १:२० मध्ये गिलाव्याचे ओघळ दिसतात. माउंटबोर्ड एकाच बाजूने रंगवला तर वाळताना वाकतो, म्हणून मागूनही एक हात. पावसाळ्यात हा त्रास दुप्पट होतो. जून ते सप्टेंबर भिंतींचं काम काढलंत तर रंगवलेले तुकडे वजनाखाली रात्रभर ठेवा.

फरशी छापून घ्या. दहा इंची मोझॅक टाइल १२.७ मिमीची होते. खरी शहाबादी फरशी दाखवायला सिमेंट किंवा वाळू वापरू नका, वाळूचा कण १:२० मध्ये खडा दिसतो. फरशीचा रंग भिंतींवर चढतो हेही लक्षात घ्या: लालसर फरशी असेल तर पांढऱ्या भिंतीचा खालचा भाग गुलाबी दिसेल. खऱ्या दालनातही तसंच होत असे. घाबरून भिंत निळसर करू नका.

८. चित्रं छापा

५ सेंमीचं चित्र ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) छापायला साधारण १२०० पिक्सेल लागतात. त्याहून मोठी फाइल मिळवण्यासाठी जीव टाकू नका. सगळी चित्रं ए-४ पानावर मापात लावा, कोपऱ्यात नेमकी १० सेंमीची रेघ काढा आणि छापून आल्यावर आधी ती रेघ मोजा. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर सगळी चित्रं ३-४ टक्के लहान येतात आणि डोळ्यांना कळत नाही. भिंतीवर लावल्यावर मात्र मधली अंतरं वाढलेली दिसतात.

कागद मॅट, १३० ते १७० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन). ग्लॉसी कागदावर एलईडीचा ठिपका चमकतो आणि चित्राचं आरसेमहाल होतं. लेझर प्रिंटचा टोनर कडेला दुमडला की तडकतो, म्हणून इंकजेट बरा. प्रिंट बोर्डवर चिकटवायला फेव्हिकॉल नको, पाण्याने कागद फुगतो आणि शाई पसरते. स्प्रे ग्लू किंवा दुहेरी टेप. तैलचित्राची चकाकी हवी असेल तर आधी फिक्सेटिव्हचा (शाई पक्की धरणाऱ्या द्रावाचा) फवारा, तो वाळल्यावर अॅक्रिलिक वार्निशचा पातळ हात.

जुने रंगीत फोटो लालसर झालेले असतात. त्यातून चित्राचा रंग उचलू नका. मूळ चित्र कुठे असेल तर त्याचा नवा फोटो मिळवा. चित्र फक्त कृष्णधवल फोटोतच उरलं असेल तर ते कृष्णधवलच लावा. सॉफ्टवेअरने रंगवलेलं चित्र पाहणाऱ्याला खरं वाटतं, आणि तीच अडचण आहे. ज्याचा फोटोच नाही त्या जागी मापाचा कोरा करडा पुठ्ठा. माप आणि जागा माहीत आहे, एवढं तो प्रामाणिकपणे सांगतो.

चौकटीसाठी आधी माउंटबोर्डची लांब पट्टी रंगवा, मग ती कापा. ४ सेंमीची चौकट २ मिमीची होते. सोनेरी चौकटीला थेट सोनेरी रंग लावला तर मिठाईच्या डब्यासारखी दिसते. खाली गडद तपकिरी, वर अर्धवट सोनेरी. चौकट नसलेल्या कॅनव्हासला मागे १ ते २ मिमी पुठ्ठा पुरे, आणि कडा रंगवायला विसरू नका. पांढरी कड लांबूनही ओरडते.

चित्राखालची नावाची पट्टी १० × ६ सेंमी असेल तर मॉडेलमध्ये ५ × ३ मिमी. त्यावर अक्षरं छापायचा अट्टहास सोडा. करड्या दोन रेघा पुरतात.

९. शिल्पं आणि चौथरे

एक मीटर उंच, ४० सेंमी रुंद चौथरा ५ × २ सेंमीचा. ३ मिमी बोर्डाच्या दोन बाजू २० मिमी आणि दोन १४ मिमी कापा, म्हणजे चौरस बसेल. शिल्पासाठी तारेचा सांगाडा आणि एम-सील. ते मळल्यावर लवकर घट्ट होतं, म्हणून एका वेळी सुपारीएवढंच घ्या. ब्राँझसाठी काळा रंग, वर जवळजवळ कोरड्या ब्रशने तपकिरी-सोनेरी. बारकावे कोरत बसू नका, १:२० मध्ये छाया आणि बाह्याकारच दिसतो. काचेच्या पेटीसाठी अॅक्रिलिक जोडताना फेव्हिक्विक वापरलं तर वाफेने पांढरं धुकं बसतं आणि ते निघत नाही. अॅक्रिलिकचा सॉल्व्हंट वापरा. थर्मोकोलवर फेव्हिक्विक तर अजिबात नको, ते विरघळतं.

१०. उजेड

इथे वेळ द्या. मॉडेल खरं वाटतं की खेळणं, हे उजेडावर ठरतं.

आधी विचारा: त्या काळी त्या दालनात काय होतं? ट्यूबलाइटचं दालन असेल तर ६५०० केल्विनचा पांढरा-निळसर उजेडच बरोबर. आजच्या आवडीने ३००० केल्विनचा पिवळा लावाल तर प्रदर्शन आजचं दिसेल. चार फुटी ट्यूब १:२० मध्ये ६ सेंमीची होते. छताला तेवढ्या लांबीची फट पाडा, वर एलईडी पट्टी, मध्ये ट्रेसिंग पेपर. ६० एलईडी प्रतिमीटरची पट्टी असेल तर पट्टी आणि कागद यांत ३ सेंमी अंतर ठेवा, नाहीतर ठिपके दिसतात. १२० वाली असेल तर दीड-दोन सेंमी चालतं. दुकानात रंगनिष्ठा म्हणजे सीआरआय ९० किंवा जास्त मागा. स्वस्त पट्टीखाली लाल रंग तपकिरी दिसतो.

अॅडॅप्टरचा हिशेब: ९.६ वॅट प्रतिमीटरची २ मीटर पट्टी १९.२ वॅट घेते. १२ व्होल्ट २ अँपियरचा अॅडॅप्टर २४ वॅट देतो, म्हणजे पुरेसा आणि थोडा हातचा. पट्टी खुणेवरच कापा.

स्पॉटलाइट हवे असतील तर ३ मिमी पांढरे एलईडी १:२० ला झकास बसतात, कारण त्यांचा आकारच ६ सेंमीच्या दिव्याएवढा होतो. तीन एलईडी एका ओळीत आणि १८० ओहमचा एक रेझिस्टर, १२ व्होल्टवर. एकच लावायचा तर ६८० ओहम. रेझिस्टरशिवाय जोडला तर एलईडी लगेच जातो. संग्रहालयांत दिवा उभ्या रेषेपासून ३० अंशांत झुकवतात. छत ३.६ मीटरवर आणि चित्राचा मध्य १.५ मीटरवर असेल तर दिवा भिंतीपासून १.२ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ६ सेंमी. त्याहून जवळ नेला तर चौकटीची सावली चित्रावर पडते.

डिमर स्वस्तातला असेल तर मोबाइलच्या फोटोत आडवे पट्टे येतात. फोटो काढताना तो पूर्ण क्षमतेवर ठेवा आणि उजेड कमी करायला ट्रेसिंग पेपरचा आणखी एक थर घाला.

११. टांगणी

आज दालनात चित्राचा मध्य जमिनीपासून १४५-१५० सेंमीवर ठेवायचा रिवाज आहे, मॉडेलमध्ये ७.२५ ते ७.५ सेंमी. हा आकडा पाठ झालेले लोक जुन्या प्रदर्शनालाही तोच लावतात. फोटोत चित्रं दोन ओळींत किंवा कमरेच्या उंचीवर असतील तर तशीच लावा, कितीही अवघडल्यासारखं वाटलं तरी.

अंतरासाठी पुठ्ठ्याचे तुकडे करून ठेवा: ४० सेंमीला २ सेंमीचा, ६० ला ३ सेंमीचा. दोन चित्रांमध्ये तुकडा ठेवायचा, चित्र दाबायचं, तुकडा काढायचा. पट्टीने प्रत्येक वेळी मोजलं तर अर्धा मिमी इकडेतिकडे होतोच, आणि दहा चित्रांत तो साचतो. पहिली खेप काढता येणाऱ्या पुटीने. आठवडाभर बघा, मग पक्कं करा. चित्रं दोरीने टांगलेली दिसत असतील तर विजेच्या लवचीक वायरमधला एक तांब्याचा केस ओढून घ्या. तोही प्रमाणापेक्षा जाडच असतो, पण काळा केला की नजरेआड होतो.

टेबल, अभिप्रायाची वही, दोन लोखंडी खुर्च्या, कोपऱ्यात टेबलफॅन: फोटोत असेल ते ठेवा. माणसं ठेवायची तर एक-दोनच, १६५ सेंमीचा माणूस ८.२५ सेंमी.

१२. फोटो आणि देखभाल

वरून काढलेला फोटो कधीही पटत नाही, कारण दालनात कोणी छताला लोंबकळून चित्रं पाहत नाही. लेन्स जमिनीपासून ७.७५ सेंमीवर हवी. मोबाइल उलटा धरला की लेन्स खाली येते आणि हे सहज जमतं. सुटी भिंत काढून तिथून, आणि दारातून, असे दोन फोटो आधी घ्या, जुन्या फोटोंच्याच कोनांतून. खोलीतला दिवा बंद करा, नाहीतर दोन रंगांचा उजेड मिसळतो.

धूळ १:२० मध्ये कापसासारखी दिसते. वर ३ मिमी अॅक्रिलिकचं झाकण, तळाला सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि उन्हाच्या खिडकीपासून लांब. इंकजेटचे रंग सर्वांत आधी उन्हातच उडतात. तळाच्या प्लायवुडखाली एक पाकीट चिकटवून त्यात यादी, आराखडा, कोणती जागा फोटोवरून पक्की आणि कोणती अंदाजाने ठरवली त्याची नोंद, आणि चित्रांच्या पानाची छपाईची फाइल असलेला पेनड्राइव्ह ठेवा. एखादं चित्र फिकं पडलं तर तेवढंच पुन्हा छापून लावता येतं.